सहावं काडतूस

अण्णांच्या कमरेला काहीही नव्हतं, आणि ते सगळ्या यार्डाला दिसायचं.

शारजाच्या औद्योगिक भागात आमची कंपनी होती. बांधकामाचं स्कॅफोल्डिंग, म्हणजे लोखंडी पाइपांची परांची, भाड्यानं द्यायची. मी डिस्पॅचला होतो, अण्णा यार्डचे मॅनेजर. पन्नाशी उलटलेली, अंग सडसडीत, पांढऱ्या मिशीला रोज सकाळी कात्री. चालताना डावा हात सरळ हलायचा आणि उजवा अंगापासून चार बोटं लांब राहायचा, कशाला तरी घासू नये म्हणून. खुर्चीत बसायच्या आधी उजवीकडचा शर्ट किंचित उचलायचे, बसायचे, मग शर्ट सोडायचे. आमचा फोरमन पेशावरकडचा. पहिल्याच आठवड्यात तो माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "मुदीर के पास कुछ था. अब नहीं है." मुदीर म्हणजे मॅनेजर. मी विचारलं, "काय होतं?" त्यानं माझ्याकडे अशा करुणेनं पाहिलं, जणू माझं सगळं शिक्षण वाया गेलं असावं.

होतं ते रिव्हॉल्व्हर. सांगलीकडे अण्णांचा पेट्रोल पंप होता, म्हणून परवाना मिळाला होता. अठरा वर्षं त्यांनी ते रोज कमरेला लावलं. पंपावर, बँकेत, बारशाला, दहाव्याला. भागीदारीत पंप गेला तेव्हा रिव्हॉल्व्हर तालुक्याच्या पोलीस ठाण्यात जमा करून अण्णा आमच्याकडे आले. सवय मात्र जमा करून घेत नाहीत, ती त्यांच्याबरोबर विमानात बसली.

आम्ही दोघंही शारजातल्या रोल्ला भागात राहायचो, तिथून एकाच गाडीनं कामावर जायचो. मी गाडी चालवायची आणि त्यांनी शिकवायचं. "पुणेकर, सिग्नलला पुढच्या गाडीला चिकटायचं नाही. निघायला जागा ठेवायची." मी म्हणायचो, "अण्णा, कुठं निघायचंय? मागं केरळचा बेकरीवाला आहे." "बेकरीवाला आहे हे तुला दिसतंय. बेकरीवाला नसता तर?" हॉटेलात ते भिंतीला पाठ लावून बसायचे. एकदा सगळ्या भिंती भरलेल्या होत्या, तर आम्ही न जेवता परत आलो.

इथल्या कायद्यावर त्यांचा राग होता. परवान्याशिवाय हत्यार नाही, काडतूस नाही आणि रोजच्या वापरात तर नाहीच नाही. "सज्जन माणसाच्या कमरेला वजन असलं की दुर्जन आपोआप सरळ चालतात," हे त्यांचं लाडकं वाक्य. मी मुद्दाम विचारायचो, "आणि दुर्जनाच्या कमरेला असलं तर?" "म्हणूनच सज्जनाच्या पाहिजे." "आणि सज्जनाला राग आला तर?" यावर ते म्हणायचे, "अठरा वर्षं. एकदाही बाहेर काढलं नाही. रेकॉर्ड आहे."

ते रेकॉर्ड मी एकदा तुटताना पाहिलं असतं. रोल्लाच्या पार्किंगमध्ये एका इजिप्शियन गृहस्थानं रिव्हर्स घेताना आमच्या बंपरला टेकवलं. माणूस दाराएवढा. उतरला तोच ओरडत. अण्णाही उतरले. दोघांची नाकं वीतभर अंतरावर, हा अरबीत, ते मराठीत, आणि दोघांनाही एकमेकांचं सगळं कळत होतं. मग त्यानं अण्णांच्या छातीवर बोट ठेवलं. अण्णांचा उजवा हात निघाला. शर्टाखाली गेला, पट्ट्यावर पोचला आणि तिथंच थांबला. शर्टावर उठलेल्या बोटांवरून मला ते कळलं. मूठ अर्धी वळलेली होती, तिच्यात मावायला काहीच नव्हतं. अण्णांचा चेहरा पांढरा पडला, घाम सुटला. इजिप्शियनाला वाटलं, म्हाताऱ्याला ॲटॅक आला. त्यानं धावत जाऊन गाडीतून पाण्याची बाटली आणि टिश्यूचा डबा आणला. "हबीबी, सिट, सिट," म्हणत त्यानं त्यांना आमच्याच बॉनेटवर बसवलं आणि वारा घातला.

गाडीत बसल्यावर बऱ्याच वेळानं अण्णा म्हणाले, "नशीबवान निघाला."

"कोण?" मी विचारलं.

त्यांनी उजवा हात शर्टाखालून काढून मांडीवर ठेवला.

मग २००८ संपता संपता मंदी आली. आमच्या यार्डात ती पाइपांच्या रूपानं आली. दुबईतल्या इमारती अर्ध्यावर थांबल्या, आणि बाहेर गेलेलं स्कॅफोल्डिंग ट्रकांमागून ट्रक घरी परत येऊ लागलं. यार्ड भरलं, मग रस्ता भरला, आणि कामगार मात्र रोज कमी झाले. कामावरून काढल्याची पत्रं वाटायचं काम अण्णांकडे आलं. "शंभर माणसाच्या पोटावर पाय द्यायचा आणि ते रिकाम्या कमरेनं," असं म्हणत त्यांनी टेबल फिरवून खुर्ची भिंतीला लावली. एकाही माणसानं आवाज चढवला नाही. काहींनी तर जाताना हात मिळवला. अण्णांना त्याचीच जास्त भीती वाटली.

त्यांचाही पगार निम्मा झाला. मुलाची परीक्षा आटोपली की वहिनी आणि मुलानं सांगलीला परत जायचं ठरलं. जूनमधल्या एका शुक्रवारी सकाळी मला फोन आला. अण्णा अगदी हळू बोलत होते. "पुणेकर, घरी ये. चालत ये. फोनवर विचारू नको."

मी गेलो. हॉलमध्ये सुटकेसा उघड्या पडलेल्या होत्या. सोफ्यावर अण्णांचा लग्नाकार्यात घालायचा बंद गळ्याचा कोट, अस्तर खालच्या कडेला उसवलेलं. वहिनी उभ्या होत्या, हातात कात्री. मुलगा दाराला टेकून म्हणाला, "अंकल, यू वोन्ट बिलीव्ह धिस."

"तू आत जा," अण्णा म्हणाले.

"बाबा, आय लिव्ह हिअर टू."

वहिनींनी कोट घडी करताना कडेला काहीतरी टणक लागलं म्हणून अस्तर उसवलं होतं. आत काडतूस होतं. जिवंत. अण्णांच्या घरचं सामान तीन वर्षांपूर्वी जहाजानं आलं होतं, आणि तेव्हापासून ते काडतूस रोल्लात, तिसऱ्या मजल्यावर, कपाटात कोटाबरोबर टांगलेलं होतं.

"आहे कुठं?" मी विचारलं.

वहिनींनी फ्रीज उघडला. अंड्यांच्या खाचांमध्ये पाच अंडी होती आणि सहाव्या खाचेत ते. पितळी, करंगळीच्या दोन पेरांएवढं. "बाहेर पंचेचाळीस डिग्री आहे," त्या म्हणाल्या. "मला काय माहीत, उन्हानं उडतं का काय."

"उन्हानं नाही उडत," अण्णा म्हणाले.

"मग तुम्ही हातात घेऊन बसा."

अण्णा बसले नाहीत. मला हसू येत होतं आणि ते दाबावं लागत होतं. परक्या देशात, ज्या देशात हे बाळगणं गंभीर गुन्हा, आम्ही चौघं एका फ्रीजसमोर उभे. मी माझा सल्ला दिला. तो जगातल्या कुठल्याही शहाण्या माणसानं दिला असता. "अण्णा, खाडीवर फिरायला जाऊ. मासे बघता बघता हात उघडायचा. खलास."

वहिनी म्हणाल्या, "मी तेच म्हणतेय सकाळपासून."

अण्णा सोफ्यावर बसले. यावेळी शर्ट उचलायचं विसरले. "दत्तूचं काय करू?" त्यांनी विचारलं.

दत्तू कोण ते मला तेव्हाच कळलं. पंपाच्या दिवसांतला त्यांचा ड्रायव्हर. अण्णा हत्याराच्या बाबतीत सोवळ्यातले. रिव्हॉल्व्हरच्या सहा घरांपैकी घोड्याखालचं घर कायम रिकामं ठेवायचं, चुकून धक्का लागला तरी बार उडू नये म्हणून. पाच आत, सहावं खिशात. पुतण्याच्या लग्नात उकडलं म्हणून त्यांनी कोट काढून जीपमध्ये ठेवला. जीपमध्ये दत्तू होता. घरी येऊन मोजली तर पाचच. प्रत्येक काडतुसाचा हिशोब सरकारला द्यावा लागतो. अण्णांनी कोटाचा खिसा उलटा करून झटकला. कोपऱ्यात शिवण उसवली होती, ती दिसली नाही. कारण तोवर ते काडतूस शोधत नव्हते, चोर शोधत होते.

त्यांनी दत्तूला पंपाच्या ऑफिसात बसवून विचारलं. तासाभरात तो कबूल झाला. काडतूस घेतलं, घाबरलो, पंपामागच्या विहिरीत टाकलं, म्हणाला. दोन दिवस मोटर लावून विहीर उपसली. एक तांब्या निघाला, क्रिकेटचे दोन चेंडू निघाले, कुणाची तरी चप्पल निघाली. काडतूस नाही. मग अण्णांनी पोलिसांत लेखी दिलं. दत्तूला दोन दिवस ठेवून घेतलं. तिथं त्याचं काय झालं ते अण्णांनी विचारलं नव्हतं. पुढे केस उभी राहिली नाही, पण त्या तालुक्यात दत्तूच्या हातात कुणी गाडीची किल्ली दिली नाही.

"हे खाडीत टाकलं," अण्णा म्हणाले, "तर मी सुटतो. तो नाही सुटत. माझ्या तोंडी सांगण्याला कागदापुढं काय किंमत? पोलिसांत लेखी मीच दिलंय. ते खोटं ठरवायला तसाच शिक्क्याचा कागद पाहिजे."

"अहो, आणि तुम्हाला आत टाकलं तर?" वहिनी म्हणाल्या. "आमची तिकिटं आहेत."

"तुम्ही जा."

वहिनी कात्री टेबलावर ठेवून आत गेल्या. मुलगा त्यांच्यामागे गेला नाही. तो बापाकडे बघत राहिला. मग त्यानं उसवलेला कोट उचलून नीट घडी केला.

या देशात कुठलंही सरकारी काम टायपिंग सेंटरपासून सुरू होतं. तुमचं म्हणणं तिथला माणूस अरबीत टाइप करतो, मग ते खिडकीत जातं. रोल्लातला आमचा टायपिस्ट केरळचा. चष्मा कपाळावर, समोर अर्जांचे नमुने. व्हिसाचा, घरभाड्याचा, हरवलेल्या पासपोर्टचा. संध्याकाळी आम्ही त्याच्यापुढे बसलो. तो न बघताच म्हणाला, "अप्लिकेशन पंधरा दिरहम. सब्जेक्ट?"

पंधरा दिरहम म्हणजे दोनशे रुपये, असं मी सवयीनं पुटपुटलो. अण्णांनी हिंदीत शांतपणे सगळं सांगितलं. टायपिस्टची बोटं की-बोर्डवर होती तशीच राहिली. मग त्यानं चष्मा कपाळावरून नाकावर घेतला, उठला, दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं आणि आमच्या खिशांकडे बघितलं.

"अभी है साथ में?"

"नहीं. फ्रीज में है," मी म्हणालो. याचा त्याच्यावर चांगला परिणाम झाला नाही.

"इसका फॉर्मेट नहीं है मेरे पास."

"फॉर्मेट नहीं चाहिए," अण्णा म्हणाले. "जो हुआ वो लिखो. आखिर में एक ही मांग. कारतूस मिला, इसकी रसीद दो."

त्यानं लिहिलं. मध्ये दोनदा पाणी प्यायला. कागद हातात देताना पैसे घेतले नाहीत. "मेरा शॉप का नाम मत बोलना, भाईसाब," एवढंच म्हणाला.

शनिवारी सकाळी आम्ही निघालो. काडतूस वहिनींच्या स्टीलच्या डब्यात, रुमालात गुंडाळून अण्णांच्या मांडीवर. मी चाळीसच्या वर गेलो नाही. मागचे हॉर्न वाजवत होते. दुसऱ्या सिग्नलला पोलिसांची गाडी अगदी शेजारी येऊन थांबली. शेजारच्या पोलिसानं काच खाली केली आणि मला खूण केली. मी काच खाली केली.

"यल्ला, थोडा जल्दी चलाओ," तो म्हणाला. "ट्रॅफिक पीछे बहुत है."

"हां साब," मी म्हणालो. पहिला गिअर तीन प्रयत्नांनी पडला. अण्णा डब्याचं झाकण दोन्ही अंगठ्यांनी दाबून सरळ समोर बघत होते. अठरा वर्षं सहा-सहा घेऊन बेफिकीर फिरलेला माणूस, एकापुढे असा बसला होता.

ठाण्यातल्या तरुण अधिकाऱ्याला हिंदी छान येत होतं. त्यानं अर्ज वाचला, परत पहिल्या ओळीपासून वाचला. डबा उघडून बघितला. तो उठला, दोन माणसं आली, काडतूस गेलं, आमचे मोबाइल गेले. "फोन क्यों नहीं किया? हम आते," तो म्हणाला. "ये लेके रास्ते में घूमते हो?" आम्ही दोघंही आयुष्यभर कागद सांभाळत आलेली माणसं. कागद तयार केला की धोका मिटला, असं आम्हाला मनापासून वाटलं होतं.

मग त्यानं अण्णांच्या जुन्या परवान्याची झेरॉक्स हातात घेतली. "हर रोज पहनते थे?"

"हर रोज."

"और ये कब गुम हुआ, पता नहीं चला?"

"उसी दिन चला. किसने लिया, वो गलत पता चला."

अधिकाऱ्यानं झेरॉक्स अर्जाला टाचली. अण्णांना आत नेलं. मी बाहेरच्या बाकावर साडेदहापासून चार वाजेपर्यंत बसलो. एसीचा थंडगार वारा माझ्या मानेवर पडत होता आणि मला उठून जागा बदलायचं धाडस होत नव्हतं. माझा जबाब घेतला, मला सोडलं. अण्णांना त्या दिवशी सोडलं नाही. तिसऱ्या दिवशी सोडलं, पासपोर्ट ठेवून घेऊन.

वहिनी आणि मुलगा ठरल्या तारखेला गेले. विमानतळावर अण्णा काचेच्या या बाजूला उभे राहिले. पुढचे सहा आठवडे हजेरी, दुभाषी, पुन्हा जबाब. मला कायद्यातलं कळत नाही. स्वतःहून आले, जुना परवाना होता, नियत स्वच्छ होती, हे मोजलं गेलं असावं. उलटंही होऊ शकलं असतं, हे तिथल्या दुभाष्यानं आम्हाला दोनदा सांगितलं. कंपनीनं वाट पाहिली नाही. अण्णांचं पत्र आलं, ते मीच त्यांना नेऊन दिलं. ऑगस्टमध्ये पासपोर्ट मिळाला, आणि त्याबरोबर अरबी कागद. शिक्क्याचा.

त्या दुपारी अण्णांच्या रिकाम्या हॉलमध्ये जमिनीवर बसून आम्ही कॉलिंग कार्ड खरवडलं. दत्तूचा नंबर वहिनींनी गावातून मिळवला होता. तो आता एका पोल्ट्रीवर कामाला होता. अण्णांनी फोन स्पीकरवर टाकला. मागे कोंबड्यांचा कालवा.

"दत्तू, मी अण्णा बोलतोय."

"बोला अण्णा."

"ते काडतूस सापडलं. माझ्याच कोटात होतं. अस्तरात."

दत्तूनं कोंबड्या हाकलल्याचा आवाज आला.

"बरं झालं," दत्तू म्हणाला.

"मी कागद आणतोय. पोलिसांचा. तालुक्याला देतो, सगळ्यांना दाखवतो." अण्णांनी फोन तोंडाजवळ घेतला. "पण दत्तू, एक सांग. घेतलंच नव्हतंस, तर कबूल कशाला झालास? मी तुला हात लावला नाही. शिवी दिली नाही."

"नाही दिली."

"मग?"

"अण्णा, तुम्ही हापिसाचं दार लावलंत. मला खाली स्टुलावर बसवलंत आणि समोर उभं राहून बोलत होता. ते बरोबर माझ्या तोंडासमोर होतं."

"अरे, पण मी त्याला बोट तरी लावलं का?"

"नाही लावलं. पण मी तेच बघत होतो ना. तुम्ही काय विचारताय ते नीट ऐकूच येईना. तुमचा आवाज मोठा झाला की वाटायचं, आता हो म्हणावं. मग हो म्हणालो. कुठं टाकलं विचारलंत. खिडकीतून विहीर दिसत होती."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी खरवडलेल्या कार्डाचा भुगा गोळा करू लागलो.

"मी चुकलो, दत्तू," ते म्हणाले. "गावी आल्यावर तुझ्या घरी येतो."

"घरी नको. मीच येतो." मग त्यानं विचारलं, "ते अजून आहे का तुमचं?"

"आहे. ठाण्यात जमा आहे."

"मग ते सोडवून आणायच्या आधी बोलवा. आणल्यावर नाही यायचो मी."

कार्डावरची मिनिटं संपली का त्यानं फोन ठेवला, ते कळलं नाही. अण्णांनी फोन बंद केला. मग म्हणाले, "परवाना देताना चौकशी करतात, पुणेकर. माझी केली होती. सरपंचाला विचारलं, डॉक्टरला विचारलं, कारखान्याच्या चेअरमनला विचारलं. सगळे म्हणाले, माणूस सज्जन आहे." त्यांनी फोन उलटा करून जमिनीवर ठेवला. "दत्तूला विचारायला पाहिजे होतं. ज्याच्या हाताखाली माणसं आहेत, त्याच्या माणसांना आधी विचारा, असा कायदा पाहिजे. ती नाही म्हणाली, तर नाही."

"ती नाही म्हणतील का अण्णा, तोंडावर?"

"नाही म्हणणार," ते म्हणाले. "मग रोज कमरेला लावायला कुणालाच देऊ नये."

त्यांनी मला कागद घ्यायला सांगितला. जिल्हाधिकाऱ्यांच्या नावानं अर्ज, परवाना रद्द करून हत्यार सरकारजमा करावं म्हणून. माझं अक्षर बरं, म्हणून मी लिहायचं. नाव, गाव, परवाना क्रमांक, सगळं त्यांना पाठ होतं. कारण काय लिहायचं, इथं ते अडले.

"लिही, आता गरज नाही."

मी लिहिलं.

"खोड. गरज तेव्हाही नव्हती. लिही, परदेशी असल्यामुळे."

मी लिहिलं. तेही त्यांनी खोडायला लावलं. खाली गल्लीत कुणीतरी सुटकेस ओढत नेत होतं, तिचा खडखडाट संपेपर्यंत ते थांबले.

"लिही," ते म्हणाले, "माझ्याकडून सांभाळणं झालं नाही."